सीटीसीएफची अँटिबॉडी वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी एमएस्सीची नवी मुलं प्रोजेक्टला येतात आणि पहिल्या पंधरा दिवसांत साधारण तेच प्रश्न विचारतात. काही प्रश्न फ्रीजरसमोर उभं राहून, काही रात्री साडेदहाला ब्लॉटचा (अँटिबॉडीने प्रथिन शोधायच्या चाचणीचा) फोटो पाठवून. तोंडी उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढलं. उदाहरण सीटीसीएफचं घेतलंय, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त तीच अँटिबॉडी (त्या ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड) संपते. तुमचं प्रथिन दुसरं कुठलं झिंक फिंगरवालं असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

सीटीसीएफ म्हणजे काय? आणि झिंक फिंगर हे काय नाव झालं?

पेशीच्या केंद्रकात डीएनएवर बसणारं प्रथिन. १९९० मध्ये कोंबडीच्या सी-मिक जनुकाच्या प्रमोटरवर (जनुक सुरू करणाऱ्या भागावर) ते पहिल्यांदा सापडलं. तिथे सीसीसीटीसी ही अक्षरं ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात, त्यावरून हे नाव पडलं. माणसातलं सीटीसीएफ ७२७ अमिनो आम्लांचं असतं. मधल्या भागात एकापाठोपाठ एक अकरा झिंक फिंगर आणि दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी सैल, ठाम आकार नसलेल्या शेपट्या.

फिंगर म्हणजे साखळीतला तीसेक अमिनो आम्लांचा तुकडा. दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरतात आणि त्याच्याभोवती तुकडा बोटासारखा दुमडतो. (सीटीसीएफच्या अकराव्या बोटात मात्र तीन सिस्टीन आणि एक हिस्टिडीन.) ही रचना पहिल्यांदा मांडली गेली १९८५ मध्ये, बेडकाच्या अंड्यांतल्या टीएफथ्रीए नावाच्या प्रथिनावरून. ही बोटं डीएनएच्या खोबणीत शिरून अक्षरं चाचपतात. सीटीसीएफचं काम मोठं आहे: कोहेसिनच्या (डीएनएला वेढणाऱ्या कडीसारख्या प्रथिनसंचाच्या) जोडीने ते डीएनएचे फास बांधतं आणि शेजारच्या दोन जनुकांच्या कारभारात बांध घालतं. बांधावरून भांडणं कशी होतात हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला हेच प्रथिन का दिलं जातं?

कारण ते जवळजवळ सगळ्या पेशींत असतं, भरपूर असतं, आणि जीनोमवर हजारो ठिकाणी घट्ट बसतं. हीला, एचईके, के-फाइव्हसिक्सटीटू, एमसीएफ-सेव्हन, कुठलीही पेशी घ्या, सिग्नल यायला हवा. नाही आला तर दोष तुमच्या हातात किंवा बाटलीत आहे, पेशीत नाही. शिकाऊ माणसासाठी यापेक्षा सोयीचं काय असणार? याच गोष्टीची अडचण कुठे होते ते पुढे येईलच.

हिशेबाने वजन ८२-८३ किलोडाल्टन येतं, पण माझा बँड १३०-१४० ला दिसतोय. अँटिबॉडी खराब आहे का?

नाही. तोच बँड खरा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा बैजवार सांगते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलमधून आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, उतरवतात आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने बँड म्हणून दाखवतात. लॅडर म्हणजे वजनं माहीत असलेल्या प्रथिनांची शेजारची मापपट्टी. अमिनो आम्लांची बेरीज केली तर सीटीसीएफ सुमारे ८३ किलोडाल्टनचं भरतं. जेलवर मात्र ते लॅडरच्या १३० च्या बँडपाशी किंवा थोडं वर थांबतं. मूळ शोधातही ते १३० च्या आसपासचंच प्रथिन म्हणून नोंदवलं गेलं होतं. जनुक वाचल्यावर आकडा जुळेना, तेव्हा नव्वदच्या दशकात त्यावर स्वतंत्र काम झालं आणि असं दिसलं की त्या दोन्ही बाजूंच्या शेपट्या त्याला जेलमध्ये रेंगाळायला लावतात. एसडीएस-पेज वजन थेट मोजत नाही. एसडीएस गुंडाळलेलं प्रथिन जाळीतून किती वेगाने सरकतं एवढंच ते सांगतं, आणि काही प्रथिनं आपल्या वजनाला शोभणार नाही इतकी हळू चालतात.

हे मी स्वतः तीन आठवडे घालवून शिकले. पहिल्या वर्षी मी माहितीपत्रकातला ८३ हा आकडा वहीत लिहिला आणि अँटिबॉडी वाचवायची म्हणून मेम्ब्रेन १०० च्या खुणेवर ब्लेडने कापली. खालचा तुकडा प्रायमरीत (प्रथिनाला थेट धरणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीत), वरचा थेट कचऱ्याच्या डब्यात. खालच्या तुकड्यावर ७५ च्या जरा वर एक छान, सरळ बँड आला. मी खूश. मग एसआयआरएनए (जनुकाचा संदेश दाबणारा छोटा आरएनए) देऊन सीटीसीएफ कमी केलं, तरी बँड जसाच्या तसा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी कंटाळून मेम्ब्रेन न कापता लावली तर १३० च्या वर खरा बँड होता, कंट्रोलमध्ये ठळक आणि एसआयआरएनएच्या लेनमध्ये पुसट. ७५ वरचा तो देखणा बँड दुसऱ्याच कुणाचा तरी होता. तीन आठवडे मी सीटीसीएफ कचऱ्यात टाकत होते.

तेव्हा पहिले दोन-तीन ब्लॉट अख्खेच लावा. अँटिबॉडी जास्त लागली तरी चालेल.

१८० च्या जवळ आणखी एक बँड दिसतो. तो काय?

काही पेशींत सीटीसीएफवर पॉली-एडीपी-रायबोजची साखळी लागते आणि ते १८० च्या आसपास दिसतं. तुमचा वरचा बँड तोच असेल असं नाही, पण शक्यता धरा. एसआयआरएनएने दोन्ही बँड सोबत उतरले तर विचार पुढे नेता येईल. आधी लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) नीट उकळलंय का तेही बघा. अर्धवट उकळलेल्या नमुन्यात वर काय वाट्टेल ते साठतं.

विकत घेण्याआधी माहितीपत्रकात काय बघायचं?

सगळ्यात आधी इम्युनोजेन, म्हणजे प्रथिनाचा कुठला तुकडा टोचून ती अँटिबॉडी तयार केली ते. झिंक फिंगरच्या बाबतीत ही नजर फार महत्त्वाची. माणसाच्या जीनोममध्ये सीटूएचटू जातीच्या झिंक फिंगर प्रथिनांची सातशेच्या आसपास जनुकं आहेत. त्यांची बोटं एकमेकांसारखी, आणि दोन बोटांना जोडणारा दुवाही बहुतेक ठिकाणी तोच: थ्रिओनीन, ग्लायसीन, ग्लुटामिक आम्ल, लायसीन, प्रोलीन. बोटांच्या भागाविरुद्ध केलेली अँटिबॉडी म्हणजे लग्नाच्या मांडवात उभं राहून "अहो पाटील" अशी हाक मारणं. कितीजण वळून बघतील सांगता येत नाही.

त्यामुळे अमिनो टोकाच्या किंवा कार्बोक्सी टोकाच्या तुकड्याविरुद्धची अँटिबॉडी निवडा. सीटीसीएफचा एक सख्खा भाऊ आहे, बोरिस, ज्याला सीटीसीएफएल असंही म्हणतात. त्यालाही अकरा बोटं, आणि ती सीटीसीएफच्या बोटांशी खूपच मिळतीजुळती. दोन्ही टोकं मात्र वेगळी. बोरिस एरवी वृषणात असतं, पण काही कर्करोगांच्या पेशींत ते डोकं वर काढतं, आणि आपल्या सगळ्यांच्या लाडक्या के-फाइव्हसिक्सटीटू पेशीही त्यात मोडतात. बोटांविरुद्धची अँटिबॉडी तिथे दोघा भावांना एकाच नावाने ओळखेल.

पत्रकावर नुसतं "फुल लेंथ प्रोटीन" लिहिलं असेल तर विक्रेत्याला मेल टाका. उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तरच.

मोनोक्लोनल, पॉलीक्लोनल की रिकॉम्बिनंट?

पॉलीक्लोनल म्हणजे एका प्राण्याच्या रक्तातलं मिश्रण. आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण सर्पदंशावरच्या औषधाचं: परळच्या हाफकिनचं नाव त्यासाठी घराघरात माहीत आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोडं थोडं टोचून घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि ती सगळी एकत्र गोळा केली जातात. तिथे मिश्रण असणं फायद्याचं, कारण विषातले घटकही अनेक. ब्लॉटवर मात्र हे मिश्रण कधी तारतं, कधी मारतं. अनेक जागी चिकटत असल्यामुळे फॉर्मल्डिहाइडने एखादी जागा झाकली गेली तरी बाकीच्या धरतात, म्हणून चिपमध्ये (प्रथिन डीएनएसकट अँटिबॉडीने ओढून ते कुठल्या जागी बसलंय हे बघण्याच्या पद्धतीत) जुन्या पॉलीक्लोनल छान चालतात. गोम एवढीच की तो ससा गेला की तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. लॉट बदलला की आपली सगळी गणितं नव्याने.

मोनोक्लोनल एकाच जागी धरते. केलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये ही रीत काढली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण हायब्रिडोमाही (ती अँटिबॉडी बनवणारी जोडपेशी) कधी कधी आपला जनुक हरवतो किंवा जास्तीची साखळी बनवतो. रिकॉम्बिनंटमध्ये अँटिबॉडीचा डीएनए क्रमच हातात असतो, त्यामुळे दहा वर्षांनी मागवलेली बाटलीही तीच निघते. पैसे असतील तर मी रिकॉम्बिनंट ससा-मोनोक्लोनल घेईन, दुसरा विचार करणार नाही.

ससाच का, हेही एकजण दरवर्षी विचारतोच. सीटीसीएफ सस्तन प्राण्यांत इतकं सारखं आहे की कुठल्याही प्राण्याच्या शरीराला ते आपलंच वाटतं आणि प्रतिकार नीट उभा राहत नाही. माणूस, उंदीर आणि कोंबडी यांच्या सीटीसीएफची बोटं तर अक्षरशः एकसारखी. मोनोक्लोनलसाठी नेहमी लागणाऱ्या उंदरांपेक्षा ससे अशा प्रथिनांना जास्त चांगला प्रतिसाद देतात असा सर्वसाधारण अनुभव आहे.

ही अँटिबॉडी खरोखर सीटीसीएफच ओळखते हे सिद्ध कसं करायचं?

आता ती अडचण. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्या प्रथिनाचं जनुकच काढलेली पेशी: तिच्यात सिग्नल गेला पाहिजे. पण सीटीसीएफवाचून पेशी जगत नाहीत. जनुक पूर्ण काढलेली उंदराची भ्रूणं गर्भाशयात रुजण्याआधीच मरतात. म्हणजे कायमस्वरूपी नॉकआउट लाइन मागवून मोकळं होता येत नाही, आणि "ही पेशी घ्या, हिच्यात सीटीसीएफ नसतं" असंही कुणी देऊ शकत नाही.

राहिला मार्ग एसआयआरएनएचा. ४८ ते ७२ तास द्या, निदान दोन वेगवेगळे क्रम वापरा. बँड पूर्ण जाणार नाही, प्रथिन भरपूर असल्यामुळे थोडं उरतंच. बघायचं ते हे की दोन्ही क्रमांनी तोच बँड उतरतो आणि बाकीचे तसेच राहतात. कुणाच्या ओळखीने डेग्रॉन पेशी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. २०१७ मध्ये उंदराच्या भ्रूण-मूलपेशींत सीटीसीएफला असं शेपूट जोडलं गेलं की ऑक्झिन घातल्यावर ते काही तासांत नष्ट होतं. हो, तेच ऑक्झिन, वनस्पतिशास्त्रात कोंबाचं टोक वाकवणारं. त्या पेशींत ऑक्झिन धुऊन काढलं की सीटीसीएफ परत येतं. बँड गेला आणि परत आला तर वादच मिटला. एवढं ध्यानात असू द्या की त्या शेपटामुळे प्रथिन आणखी मोठं होतं आणि बँड आणखी वर दिसतो.

२०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी पारखण्याचे पाच मार्ग सुचवले: जनुक काढून किंवा दाबून बघणं, अँटिबॉडी न लागणाऱ्या दुसऱ्या पद्धतीशी ताडून बघणं, वेगळ्या जागी धरणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीशी जुळवणं, टॅग लावलेलं प्रथिन बनवून बघणं, आणि पकडलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. विद्यार्थ्याच्या आवाक्यातले त्यातले दोन: एसआयआरएनए आणि दुसरी अँटिबॉडी. तेवढे तरी कराच.

हा नुसता काटेकोरपणा वाटत असेल तर इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाची गोष्ट ऐका. तेही जस्ताच्या बोटांनी डीएनए धरणारंच, फक्त बोटाची जात वेगळी. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी त्याच्या १३ अँटिबॉडी तपासल्या. भरवसा ठेवावा अशी निघाली एक. बाकीच्यांवर वर्षानुवर्षं शोधनिबंध निघत होते.

ब्लॉकिंग पेप्टाइड घातल्यावर बँड गेला. झालं ना सिद्ध?

नाही. अँटिबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते एवढंच कळलं, आणि ते आधीच माहीत होतं, त्यानेच तर ती बनवली. चुकीचा बँडसुद्धा त्याच हाताने धरलेला असतो, पेप्टाइडने हात भरला की तोही सुटतो.

वेस्टर्नची तुमची रीत काय?

केंद्रकातलं, डीएनएला घट्ट बसलेलं प्रथिन आहे, त्यामुळे सौम्य बफरने नुसत्या पेशी फोडल्या तर अर्धं सीटीसीएफ गाळाबरोबर खाली बसतं. रिपा बफर घ्या, प्रोटिएज इनहिबिटर घाला, आणि बर्फावर थोडं सोनिकेट करा किंवा न्यूक्लिएज टाका. लायसेट शेवयांच्या खिरीसारखं तार धरत असेल तर डीएनए तुटलेला नाही. पिपेटच्या टोकातून सहज थेंब पडला पाहिजे.

जेल ८ टक्के. लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरे. मोठं प्रथिन असल्याने मी ओला ट्रान्सफर करते, कोल्ड रूममध्ये कमी व्होल्टेजवर रात्रभर. घाईचा सेमी-ड्राय लावला की १३० च्या वरचं जेलमध्येच राहतं, आणि मुलं अँटिबॉडीला शिव्या घालतात. ट्रान्सफरनंतर पाँसो (सगळी प्रथिनं रंगवणारा लाल रंग) लावून फोटो काढून ठेवा. प्रायमरी १:१००० पासून सुरू करा, ४ अंशांवर रात्रभर. छोट्या डबीत ३ मिलिलिटर पुरतं, म्हणजे ३ मायक्रोलिटर अँटिबॉडी. मोठ्या ट्रेमध्ये १० मिलिलिटर ओतलंत तर १०० मायक्रोलिटरची बाटली दहा ब्लॉटमध्ये संपली.

लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखं पडलंय हे दाखवणारा बँड) म्हणून केंद्रकातलंच काही घ्या. लॅमिन बी-वन ६६ च्या आसपास येतं, सीटीसीएफपासून चांगलं दूर, एकाच मेम्ब्रेनवर दोन्ही उरकतात.

दूध की बीएसए?

मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकायला (ब्लॉकिंगला) ५ टक्के स्किम्ड दुधाने आमचं काम होतं. पत्रकावर बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) लिहिलं असेल तर पत्रकाचं ऐका. चहासाठी आणलेल्या दुधाच्या पावडरीत साखर आणि फॅट दोन्ही असतात, ती वापरू नका. हो, हे लिहावं लागलंय.

बफरमधल्या ईडीटीएने जस्त निघून जाईल आणि अँटिबॉडी चिकटणार नाही, असं सीनियर म्हणाला.

सीनियरचं डोकं चांगलं आहे, जागा चुकली. वेस्टर्नमध्ये प्रथिन एसडीएसमध्ये उकळून सरळ केलेलं असतं, बोटं आधीच उलगडलेली, जस्त असलं काय नि नसलं काय. चिपमध्ये फॉर्मल्डिहाइडने सगळं जागच्या जागी बांधलेलं असतं. अँटिबॉडी टोकाच्या शेपटीला धरणारी असेल तर बोटांच्या आकाराचा प्रश्नच फारसा येत नाही.

जस्ताची काळजी घ्यायची ती शुद्ध केलेलं प्रथिन डीएनएला चिकटतं का हे जेल-शिफ्टमध्ये बघताना. तिथे ईडीटीए भरपूर असेल तर बोटं ढिली पडतात. त्या बफरमध्ये थोडं जस्ताचं क्षार घालतात. पण फॉस्फेट बफरमध्ये जस्त टाकलंत तर पांढरा साका बसेल, आणि डीटीटीही जस्ताला धरून बसतं. ट्रिस वापरा.

चिपसाठी कुठला कंट्रोल घेऊ? आणि टक्केवारी कशी काढायची?

पेशी १ टक्का फॉर्मल्डिहाइडमध्ये १० मिनिटं, मग १२५ मिलिमोलर ग्लायसीनने थांबवा. घड्याळ लावा. "अजून पाच मिनिटं असू दे" असं केलं की क्रोमॅटिन (प्रथिनांसकट डीएनए) तुटत नाही आणि अँटिबॉडीची जागाही झाकली जाते. तुकडे २०० ते ५०० बेसपेअरचे झाले का ते जेलवर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका चिपला २ ते ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी.

पॉझिटिव्ह जागा म्हणून एच-नाइन्टीन जनुकाच्या शेजारचा नियंत्रक भाग आमच्याकडे नेहमीचा. इथली गंमत सांगण्यासारखी आहे. उंदरात या भागात सीटीसीएफच्या चार जागा आहेत. आईकडून आलेल्या प्रतीवर सीटीसीएफ बसतं, वडिलांकडून आलेल्या प्रतीवर त्याच जागा मिथाइल गटांनी झाकलेल्या असतात, म्हणून तिथे ते बसत नाही. आईच्या प्रतीवर बांध पडल्यामुळे पलीकडचं आयजीएफ-टू जनुक गप्प राहतं, वडिलांच्या प्रतीवर ते बोलतं. २००० साली हे उलगडलं. अर्थात इथे दोनपैकी एकाच प्रतीवरून सिग्नल येणार, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या ठळक जागेपेक्षा आकडा कमी आला तर दचकू नका. कर्करोगाच्या पेशींत हा हिशेब पुष्कळदा बिघडलेला असतो, तिथे आणखी एक-दोन जागांचे प्रायमर जवळ ठेवा. निगेटिव्हला जनुकं नसलेला ओसाड भाग, आणि सोबत त्याच प्राण्याचा साधा आयजीजी (कुठल्या ठरावीक प्रथिनाविरुद्ध नसलेली अँटिबॉडी).

टक्केवारीला सूत्र पाठ करायची गरज नाही. इनपुट (अँटिबॉडी घालण्याआधीचं क्रोमॅटिन) १ टक्का राखून ठेवला आणि त्याची सीटी (क्यूपीसीआरमध्ये सिग्नल दिसायला लागलेल्या फेऱ्या, दर फेरीत डीएनए दुप्पट) २५ आली असं धरा. चिपची २४ आली, म्हणजे एक फेरी आधी, म्हणजे दुप्पट: २ टक्के. आयजीजीची २९ आली, म्हणजे इनपुटपेक्षा चार फेऱ्या उशिरा, सोळावा हिस्सा: सुमारे ०.०६ टक्के. दोहोंत तीसपट फरक. असा निकाल आला की चहा पाजा.

कट-अँड-रन करायचंय. तीच अँटिबॉडी चालेल?

बहुतेक चालते. कट-अँड-रन म्हणजे अँटिबॉडीच्या मागोमाग एन्झाइम पाठवून प्रथिनाजवळचा डीएनए कापून काढणं. २०१७ मध्ये ही पद्धत आली तेव्हाच तिच्यात सीटीसीएफ वापरलं गेलं होतं. इथे पेशींना फॉर्मल्डिहाइड लावत नाहीत, त्यामुळे चिपमध्ये उत्तम चाललेली अँटिबॉडी इथेही चालेलच असं नाही, एकदा छोटा प्रयोग करून बघा. आणखी एक खाच: एन्झाइमला जोडलेलं प्रोटीन-ए सशाच्या आयजीजीला घट्ट धरतं, उंदराच्या आयजीजी-वनला जेमतेम. प्रायमरी उंदराची असेल तर मध्ये सशाची अँटी-माउस घाला.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसायला हवं?

केंद्रकभर बारीक रवाळ ठिपके, आणि न्यूक्लिओलसच्या जागी काळे डाग. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं, मग ट्रायटन (पेशीच्या पटलांना भोकं पाडणारा साबण). ट्रायटन कमी पडलं तर अँटिबॉडी केंद्रकात शिरतच नाही, कडेला रिंगण दिसतं. सायटोप्लाझ्म चमकत असेल तर प्रायमरी न घातलेली स्लाइड आधी बघा: तिच्यातही चमक असेल तर दोष सेकंडरीचा (प्रायमरीला धरून सिग्नल देणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीचा).

पॅराफिनमधल्या ऊतींवर आधी अँटिजेन रिट्रीव्हल (झाकली गेलेली जागा तापवून उघडी करणं) लागतं. सायट्रेट पीएच ६ आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९, दोन्ही करून बघून मग ठरवा.

उंदराच्या पेशींवर चालेल का? पत्रकावर फक्त "ह्यूमन" लिहिलंय.

चालण्याची शक्यता चांगली आहे, वर सांगितल्याप्रमाणे प्रथिन फारच सारखं आहे. बोरिसबद्दल मात्र असं समजू नका.

पार्सल रस्त्यात तीन दिवस अडकलं. अँटिबॉडी गेली का?

बहुधा नाही. एका गणपतीत आमचं पार्सल गेटवरच्या केबिनमध्ये शनिवारपासून मंगळवारपर्यंत पडून होतं. सुट्टी आम्हालाही होती आणि आवक-जावक बघणाऱ्यांनाही. थर्माकोलचा डबा उघडला तर जेल पॅक कोमट, वर गुलालाचा हात लागलेला. मी रडकुंडीला आले. तरी कंट्रोल लायसेटवर जुन्या बाटलीशेजारी लावून बघितली तर दोन्ही बँड सारखे. अँटिबॉडी तशी चिवट असते. पार्सल उशिरा आलं की तक्रार करा, फोटो काढा, पण तपासल्याशिवाय फेकू नका.

तिला खरा त्रास होतो तो वारंवार गोठवण्या-वितळवण्याचा. ५० टक्के ग्लिसरॉलमधली बाटली उणे २० ला गोठत नाही, ती तशीच ठेवा. ग्लिसरॉल नसेल तर आल्या दिवशीच १०-१० मायक्रोलिटरचे भाग करा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर यासाठी नको, तो रोज थोडा तापतो. आणि बाटली उघडण्याआधी क्षणभर फिरवून घ्या, निम्मा माल झाकणाला लागलेला असतो.

वापरलेली प्रायमरी पुन्हा वापरू का?

दोन-तीनदा चालते. सोडियम अझाइड घालून ४ अंशांवर ठेवा. फक्त अझाइडने एचआरपी (सेकंडरीला जोडलेलं, बँड उजळवणारं एन्झाइम) बंद पडतं, त्यामुळे प्रायमरीनंतर धुण्यात हयगय नको, आणि सेकंडरीत अझाइड कधीच नाही. ते विषारी आहे, आणि सिंकमध्ये ओतलं तर धातूच्या नळीत स्फोटक क्षार साठू शकतात. वेगळ्या बाटलीत जमा करा.

आमच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये सीटीसीएफ जनुकात बदल आहे असं आलंय. या अँटिबॉडीने तपासणी होईल का?

हा प्रश्न एका पालकांनी मेलवर विचारला होता, म्हणून इथे ठेवतेय. नाही होणार. सीटीसीएफच्या एका प्रतीतल्या बदलामुळे बौद्धिक विकास मागे राहतो हे २०१३ पासून माहीत आहे, पण त्याचं निदान जनुकाचा क्रम वाचूनच होतं. बाटलीवर "फक्त संशोधनासाठी" लिहिलेलं असतं ते याचसाठी: रुग्णाच्या नमुन्यावर निर्णय घेण्याइतकी ती पारखलेली नाही. तुम्ही जनुकीय समुपदेशकांना भेटा, रिपोर्टमधला बदल नेमका कुठला आणि तो आईवडिलांतही आहे का हे ते सांगतील.

थिसिसमध्ये अँटिबॉडीबद्दल काय लिहू?

कंपनी, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, कुठल्या प्राण्याची, कुठल्या तुकड्याविरुद्धची, किती पातळ करून वापरली, आणि आरआरआयडी, म्हणजे प्रत्येक अँटिबॉडीला मिळालेला कायमचा ओळख क्रमांक. पुरवणीत अख्ख्या ब्लॉटचा फोटो लॅडरसकट द्या. लॉट क्रमांक बाटलीवरच असतो आणि ती शाई अल्कोहोलने पुसली जाते. माझ्या थिसिसच्या वेळी तीन बाटल्यांवरचं काहीच वाचता येत नव्हतं, बिलं शोधायला स्टोअरमध्ये दोन दुपारी गेल्या. आली की लगेच फोनवर फोटो काढा.